घोट्यात भरलेली लांबी

अप्पा,

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एका सकाळी मी दुकानामागच्या हौदापाशी ओकले. पोट बिघडलेलं नव्हतं. हातात ॲल्युमिनियमचा एक तुकडा होता, मुठीत मावेल एवढा, वरून घासून चांदीसारखा चकचकीत केलेला. त्याच्या आतल्या कोपऱ्यातून मी सुईने करड्या रंगाची लांबी उकरून काढत होते. ती अजून पुरती वाळलेली नव्हती. सुईच्या टोकाबरोबर ती लांबत बाहेर आली, किडलेल्या दातातून काहीतरी निघावं तशी, आणि तिच्यावर कुणाच्या तरी अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. दाराला, खिडकीला भरतात ती लांबी. माणसाच्या पायात भरलेली. तो तुकडा तिथेच टाकून मी हौदाकडे गेले. मशीनवरचा ऑपरेटर पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आला. "ताई, पित्त झालं का काय?" मी चूळ भरली आणि तुमची आठवण झाली, कारण धातूचा तुकडा बघून मळमळणारा दुसरा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आहे.

तुमची किळस सगळ्या जिंतूरला माहीत होती. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचं नख मोठं दिसलं की तुम्ही पानावरून उठून घरी यायचात आणि आईला, आमच्या अव्वाला, भात टाकायला लावायचात. शिवपूजेला बसायच्या आधी हाताचं ग्रीस जाईपर्यंत रॉकेलने आणि मग साबणाने इतका वेळ हात धुवायचात, की पूजेसाठी तळहातावर इष्टलिंग घ्याल तेव्हा हात उकडल्यासारखे पांढरे दिसायचे. कुणी कानशीने वाकडंतिकडं घासलेला शाफ्ट घेऊन आला, तर तो तुम्ही दोन बोटांत धरायचात, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसा. आणि हाच माणूस दिवसभर तंबाखू खायचा आणि ग्रीसच्या जुन्या डब्यात थुंकायचा! तो डबा रोज सकाळी मी रिकामा करायची. श्वास रोखून, मान वळवून. तुम्हाला तो डबा कधी दिसला नाही, अप्पा? मला तुमच्याविषयी आदर वाटायचा असं सगळे धरून चालायचे. वाटायचाही. पण सकाळी त्या डब्यापाशी मला तुमचा वीट यायचा, आणि दुपारी तुम्ही लेथवर उभे राहिलात की मी तुमच्या हातांवरून नजर काढायची नाही. दोन्ही एकाच दिवसात व्हायचं.

येलदरीच्या धरणाचं काम चालू असताना तुम्ही तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथ शिकलात, आणि मग जिंतूरला घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलंत. आमच्या लहानपणी तिथे लोखंड आणि ओतीव बीड यांच्याशिवाय दुसरं काही यायचंच नाही. पाण्याच्या मोटारींचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, रसवंतीचे रूळ. शाळा संपल्यावर मी तुमच्या मदतीला छोट्या लेथवर उभी राहायला लागले, तेव्हा भाऊबंद नाक मुरडायचे. तुम्ही त्यांना उत्तर द्यायचा नाहीत. मला मात्र म्हणायचात, "पदर खोच. फिरत्या चकात गेला तर मुंडी जाईल." आणि मग एका वर्षी कूलर बनवणाऱ्या एकाने ॲल्युमिनियमच्या ओतीव पुल्या आणल्या. तुम्ही कामासाठी परभणीला गेला होता. मला वाटलं, लोखंड कापतं ते टूल या मऊ धातूला काय, लोण्यासारखं कापेल. लावलं. सुरुवातीला कापलं, आणि मग आवाज बदलला, कुणी पत्र्यावर पाय घासत चालावं तसा. थांबवून बघते तर टूलच्या धारेवर ॲल्युमिनियमचा एक गोळा वितळून बसलेला. कापत होता तो गोळा, टूल नव्हतंच. पुलीवर कुत्र्याने चावल्यासारखे ओरखडे.

तुम्ही आलात, पुली उचललीत आणि म्हणालात, "शी." एवढंच. मग म्हणालात, "गालाला लाव."

मला कळलं नाही.

"गालाला लाव म्हन्लं. तुझ्या."

मी पुली गालाला लावून फिरवली. खरचटलं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्याने नव्हे, तुमच्या चेहऱ्यावरच्या भावाने. नासलेलं दूध बघावं तसे तुम्ही माझ्याकडे बघत होता. "कळालं? तू कापलं न्हाईस. वरबाडलंस."

त्याच आठवड्यात संक्रांत होती. अव्वा स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या पाडत बसली होती, तुम्ही जेवायला बसला होता. तिची सुरी वडीतून ओढली जात होती, पातं गुळाने माखलेलं, आणि वड्यांच्या कडा फाटत होत्या. ती वैतागली, सुरी फडक्याने पुसली, सहाणेच्या कडेवर दोनदा घासली, तूप लावलं आणि पुन्हा कापलं. कड सरळ आली. तुम्ही तोंडात घास तसाच ठेवून मला हाक मारलीत. अव्वा ओरडली, "आधी गिळा तरी." तुम्ही वडी उचलून माझ्यापुढे धरलीत. आज चुलीचा धूर, तुपाचा वास आणि तुमचा तो खरकटा हात मला समोर दिसतो आहे. तुम्ही बोलता आहात: "लोखंडाशी भांडावं लागतं, म्हून त्याचं टूल जाड धारेचं, मजबूत. हे मऊ हाय. ह्याच्याशी भांडलं की हे गळ्यात पडतंय. ह्याला धार पायजे लय बारीक, वर उतार पायजे म्हंजी कीस घसरून जाईल, आन् थोडं कायतरी ओलं पायजे." जेवण झाल्यावर तुम्ही सरळ धार लावायच्या चाकावर गेलात, एक टूल घासलंत, धारेला मोठा उतार दिलात, आणि मग तेलाच्या दगडावर ते इतका वेळ घोळवत बसलात, की त्यात तुमचा चेहरा दिसायला लागला. रॉकेलचा ब्रश मी धरला होता. कीस निघाला तो लांब, उजळ, गुंडाळ्या होत. पुली हाताला अशी लागली, जशी धुतलेली परात लागते. मशीन बंद करून तुम्ही ते टूल पुसून माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "हे तुझं." माझ्या लग्नात तुम्ही पुष्कळ काही दिलंत, पण ते सगळं सासरच्यांना दाखवायचं होतं.

आता दुकान परभणीत आहे, अप्पा, शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत. तुम्ही गेल्यावर धाकट्या भावाने आणि मी मिळून टाकलं. तुम्हाला समाधीत मांडी घालून बसवलं त्या दिवशी तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता, आणि "अक्का, आपण दोघं मिळून करू" असं म्हणाला होता. आणि केलं आम्ही. मी मशीन बघायची, तो गिऱ्हाईक. मशीन आता स्वतःच चालतं, आकडे भरले की कटर आपल्या वाटेने जातं. तुम्ही बघितलं असतंत तर तासभर बोलला नसतात. गेली काही वर्षं आमच्याकडे एक काम येतं, ज्याचा मला मनापासून अभिमान होता. एक डॉक्टर आहेत, पाय गेलेल्या लोकांना कृत्रिम पाय बसवतात. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर एक नळी लागते, आणि ती नळी खालच्या पावलाला जोडायला ॲल्युमिनियमची एक पकड लागते. मधे भोक, बाजूला चीर, आतल्या बाजूला एक खाच, आणि बोल्ट आवळला की नळी घट्ट. आम्ही तिला घोटाच म्हणतो. माणसाचं सगळं वजन त्या घोट्यावर येतं, पाऊल टाकलं की दर वेळी.

त्याच्यासाठी मी पुण्याहून वेगळी कटर मागवून ठेवलेली असतात. दोनच धारा, मधे कीस निघून जायला रुंद पन्हाळ, वर कसलाही मुलामा नाही, आरशासारखी घासलेली. लोखंडाच्या कामासाठी असतात त्यांना चार धारा आणि वर काळपट मुलामा. तो मुलामा लोखंडाच्या उष्णतेला टिकतो, पण त्यातच ॲल्युमिनियम असतं आणि समोरचं ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं. चार धारांच्या मधे जागाही कमी. कीस अडकतो, तापतो, चिकटतो, आणि मग तेच, वरबाडणं. विशेषतः आतल्या कोपऱ्यात. कोपरा फाटला की तडा तिथूनच सुरू होतो. हे आमच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्यालाही.

मी लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेले होते. मागे ऑपरेटरच्या हातून शेवटचं चांगलं कटर मोडलं. पुण्याहून यायला वेळ लागणार होता, आणि डॉक्टरांच्या शिबिराची तारीख ठरलेली, मंडप पडलेला, पुढारी येणार म्हणून बॅनर लागलेले. धाकट्याने ट्रॅक्टरच्या कामाचं काळं कटर चढवायला सांगितलं. फाटलेल्या कोपऱ्यांत लांबी भरायला सांगितली, वरून घासून चमकवायला सांगितलं. शिबिर झालं. पुढाऱ्यासोबत धाकट्याचा फोटो आला, हातात घोटा धरून. तो मला लातूरला फोनवर बघायला मिळाला आणि मी तो व्याह्यांना कौतुकाने दाखवला. परत आले, पुढच्या खेपेसाठी तसेच नुकतेच भरून ठेवलेल्यांपैकी एक हातात घेतला, सवयीने आतल्या कोपऱ्यात नख फिरवलं. नख रुतलं.

हौदापासून परतून मी टाकलेला घोटा उचलला आणि सरळ धाकट्याकडे गेले. तो डबा खात बसला होता.

"ह्याच्यात लांबी भरली आहे."

"भरलीय," तो म्हणाला. "कोपऱ्यात जरा फाटल्यागत झालतं. आतल्या अंगाला हाय, अक्का. कुनाला दिसायलंय?"

"दिसायचा प्रश्न आहे का?"

"चालायल्यात न्हवं लोकं? मग? कुनाची तक्रार आली का?" आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला. त्याच्या नखांत ती लांबी वाळून बसलेली होती, करडी. त्याच नखाने तो ठेचा घेत होता. तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी कडेवर घेऊन येलदरीचं पाणी दाखवलं आहे, आणि त्या क्षणी त्याच्याबरोबर एका छपराखाली श्वास घेणं मला नकोसं झालं. रागावले असते तर बरं झालं असतं. राग बोलून मोकळा होतो. ही वेगळीच गोष्ट होती, जिभेच्या मुळाशी आलेली.

मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ऐकता ऐकताच त्यांनी कपाट उघडून घोटे मोजले. मग म्हणाले की बरेचसे घोटे अजून कपाटात आहेत, ज्यांना बसवलेत त्यांना बोलावून घेतो. सगळ्यांना निरोप गेला, एक बाई सोडून. तिचा फोन लागत नव्हता. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाच्या वाटेवर नारळ-फुलं विकायला बसते, एवढं त्यांना माहीत होतं. दुकानात चांगलं कटर नव्हतंच. मी चाकावर बसले आणि हाताने टूल घासलं, दगडावर घोळवलं, आणि जुन्या लेथवर एक घोटा सावकाश पुरा केला. रॉकेल आता मिळत नाही, अप्पा, रेशनवरून बंद झालं. डिझेल वापरलं. वास वेगळा येतो. घोटा गालाला लावून बघितला, आणि ऑपरेटरला म्हटलं, "टेम्पो काढ. तूही चल." लांबीवरच्या अंगठ्याच्या रेषा त्याच्या होत्या, हे त्याने न विचारता कबूल केलं होतं. राणीसावरगावचा, संसारी, केस पिकलेला माणूस.

बाई सापडायला वेळ लागला नाही. नारळांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली होती, पाय पुढे लांब करून. नळीला तिने फडकं गुंडाळलं होतं, आणि घोट्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. सोयाबीनच्या मळणी यंत्रात तिचा पाय गेला होता, ते तिने आपणहून सांगितलं. डॉक्टरांकडून आलोय म्हटल्यावर तिने आमच्यासाठी पोतं झटकलं.

"लय चांगला हाय बगा पाय," ती म्हणाली. "आधी मी पायरीलाच हात लावून माघारी फिरायची. आता गाभाऱ्यापतोर जाते. कालच्या शनवारी तर गर्दीत उभी ऱ्हायले."

मी म्हटलं, "तो पाय जरा खराब निघाला आहे. त्यातला एक भाग बदलायचाय."

"खराब? नवा तर दिसायलाय." मग तिचा चेहरा आवळला. "दुसऱ्या कुनाला द्यायचाय का? मंग तसं सांगा. दिलेला पाय कुनी परत मागतंय व्हय, बाई?"

"परत नाही मागत. नवा आणलाय." मी पदराखालून घोटा काढून दाखवला. तिने दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. तिचं बरोबर होतं. वरून दोन्ही सारखेच दिसत होते. किंबहुना तिचाच जास्त चमकत होता.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं तशा, पाऊल वाकडं बसू नये म्हणून, मी आधी खुणा केल्या, आणि बोल्ट सैल केला. घोटा हातात येता येता आतून लांबीचा एक खपला तिच्या लुगड्यावर पडला. खाली कोपऱ्यातून केसाएवढा तडा निघाला होता आणि चांगला बोटाच्या पेराएवढा पुढे गेला होता. मी तिला तो दाखवला. का दाखवला, माहीत नाही. गुपचूप बदलून येता आलं असतं. तिने त्यावरून नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. देवळाकडून घंटा ऐकू येत होती. समोरून नवरा-नवरी जोडीने दर्शनाला चालली होती, मागे वाजंत्री.

"मंग इतके दिस," ती हळू म्हणाली, "मी कशावर उभी व्हते?"

तिने खपला उचलला, बोटांत चुरगाळला. "हे कुनी भरलं?"

"म्या," ऑपरेटर म्हणाला. मालकाने सांगितलं होतं म्हणून, हे तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. आवाज चढवला नाही. "माजा पाय ह्या बाईच्या मांडीवर हाय तवर तू हितं एका पायावर उभा ऱ्हा. धरायचं न्हाई कशाला."

मला वाटलं, तो हसेल, किंवा निघून जाईल. त्याने चप्पल काढली, एक पाय वर घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी बोल्ट आवळत होते. लोक थांबून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "नवस हाय का?" ऑपरेटरच्या मानेवरून घाम ओघळत होता, तो डुलायचा, सावरायचा, पण त्याने खांबाला हात लावला नाही, आणि बाईने त्याच्यावरून डोळे हलवले नाहीत. माझ्या मनात होतं की इथे धाकटा हवा होता. शिबिराच्या फोटोतल्या त्याच कपड्यांत.

नवा घोटा बसला. मी म्हटलं, "चालून बघा." ती उठली आणि देवळाच्या दिशेने चालू लागली, आणि जे मी बघितलं ते मला अजून विसरता येत नाही. तिने भिंतीला हात लावला. पुढे दुकानाच्या बाकड्याला, मग पुन्हा भिंतीला. पाऊल टाकायच्या आधी ती खाली बघत होती. थोड्या वेळापूर्वी ती म्हणत होती की गर्दीत उभी राहिले. घोटा आता चांगला होता, मी माझ्या हाताने केलेला होता. चाल मात्र आम्ही बिघडवून ठेवली होती. ती परत आली, स्टुलावर बसली. मी म्हटलं, हा मोडणार नाही. ती म्हणाली, "त्योबी मोडंल असं कुनी म्हन्लं न्हवतं." आणि नारळ पुसायला लागली. आम्हाला तिने पाणी विचारलं नाही. ते योग्यच झालं.

परतल्यावर धाकटा दारातच उभा होता. डॉक्टरांनी काम थांबवल्याचं त्याला कळलं होतं. "एका बाईपायी सगळ्या परभणीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," तो म्हणाला. मी म्हटलं, "अप्पा असते तर तुझ्या हातचं पाणी प्याले नसते." खरं तर हे वाक्य मी टेम्पोत घोळवतच आले होते. त्यावर तो गप्प होईल असं मला वाटलं होतं. तो हसला, अप्पा, आणि ते हसणंही ओंगळ नव्हतं. थकलेलं होतं.

"अप्पा काय देव व्हते? त्यांनीबी लांबी भरलीय. तुझ्या लग्नाच्या आठवड्यात. मोटारीचं बिडाचं कवच आलतं, भोकंच भोकं पडलेली. घरात पाव्हणे, मांडवाचा घोर, आन् तो शेतकरी दारात बसून. अप्पांनी लांबीत लोखंडाचा चुरा कालवला, भरली, घासली, काळा रंग मारला आन् दिलं त्याला. मी बघितलंय. मला म्हन्ले, अक्काला सांगू नको."

मी म्हटलं, खोटं बोलतोस. तो म्हणाला, "मला काय मिळायलंय खोटं बोलून? आन् चालली ती मोटार. चालायचीच. सगळ्यांचंच चालतंय, अक्का, तुझ्याच एकटीचं अडतंय."

महिन्याभरात त्याने ट्रॅक्टरचं काम वेगळं केलं, शेजारच्या शेडमध्ये दोन मशिनं नेली. भांडण झालं नाही, शिव्या नाहीत, वाटणीही सरळ झाली. डॉक्टरांनी काम पुन्हा सुरू केलं आहे. आता प्रत्येक घोटा ते स्वतः भिंगाखाली बघून घेतात, आणि मी समोर उभी राहते, परीक्षेला बसल्यासारखी. ऑपरेटर माझ्याकडेच राहिला. कटर बदलायचं झालं की तो ते आधी उजेडात धरतो, धार बघतो, मग मला दाखवतो. बाईला डॉक्टरांनी तपासायला आणवलं होतं तेव्हा मी मुद्दाम गेले. भिंतीचा हात सुटला आहे. खाली बघणं सुटलेलं नाही.

बसव जयंतीला भावजयीने पुरणपोळ्या पाठवल्या. तिने काहीच वाईट केलेलं नाही, आणि तिचा हात अव्वासारखा आहे. मी डबा उघडला, आणि मला धाकट्याची नखं दिसली. पोळी तोंडाशी नेली आणि परत ठेवली. शेजारी वाटून टाकल्या. डबा घासून परत दिला, "छान झाल्या होत्या" म्हणाले. ही तुमची देणगी आहे, अप्पा. किळस कशी धरायची ते तुम्ही मला शिकवलंत. ती सोडायची कशी, ते तुम्हालाही येत नव्हतं. तुमचा सख्खा भाऊ दारात येऊन उभा राहायचा आणि तुम्ही मशीन बंद करायचा नाहीत, हे मी बघितलेलं आहे. काय केलं होतं त्यांनी, ते आम्हाला कधी कळलं नाही.

तुम्ही ती मोटार दुरुस्त केली असेल तर त्या शेतकऱ्याला सांगून केली असेल, असं मी मनाशी म्हणते. आत लांबी आहे, एवढा हंगाम निघेल, मग नवं कवच बघ, असं. बिडाच्या कवचात लांबी भरणं आणि माणसाच्या पायात भरणं यात फरक आहे, असंही म्हणते. मग मला ते "अक्काला सांगू नको" ऐकू येतं. धाकट्याने ते तुमच्याच आवाजात म्हटलं होतं, तुमचा तो शब्द ओढायचा ढंग त्याला रचता येणार नाही. त्या शेतकऱ्याचं नाव धाकट्याने सांगितलं, आणि जिंतूरला त्याचं घर कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याचा मुलगा परवा बाजारात भेटला, नमस्कार केला, घरी या म्हणाला. येते म्हटलं.

गेले नाही. आणि हे कागदही कुठे पाठवायचे नाहीत, ते काही तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे. तुम्ही उत्तर द्याल, आणि खरं तेच द्याल, याची मला भीती वाटते.